हंगामी शिक्षकाचे आजारपण



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ केला आणि पुढे महाराष्ट्रातल्या गावोगावी वसंतात व्याख्याने ऐकण्याची प्रथा पडली. पुण्याच्या वसंतात संध्याकाळची झुळूक तरी असते. आपल्या वऱ्हाडात वसंताचे नाव घेईपर्यंत पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो, आणि तरीही दिग्रसकर मंडळी उन्हे उतरल्यावर व्याख्यानाला येऊन बसतात, याचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे. पण याच दिवसांत दुसरीही एक गोष्ट घडत असते. शाळांची सत्रे संपतात, आणि ज्यांच्या नेमणुकीच्या आदेशावर ‘सत्रअखेरपर्यंत’ असे लिहिलेले असते, त्या शिक्षकांची नोकरीही सत्राबरोबर संपते. जून उजाडला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा आदेश. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगमधला मजूर जसा घरी बसतो, तसाच हा.

आजचा विषय या शिक्षकाच्या आजारपणाचा आहे. विषय लहान वाटेल, परंतु त्याचे धागे आपल्या मुलांच्या वर्गापर्यंत जाऊन पोहोचतात, म्हणून आम्ही तो मुद्दाम निवडला.

प्रथम हा हंगामी शिक्षक कोण, ते पाहू. त्याच्या पुष्कळ जाती आहेत. महाविद्यालयात ‘तासिका तत्त्वावर’ शिकवणारे आहेत. ते जितके तास घेतील तितक्याच तासांचे पैसे. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे शिकवणारे आहेत. ‘कायम विनाअनुदानित’ या शब्दांतला ‘कायम’ शासनाने २००९ मध्ये काढून टाकला, आणि पुढे टप्प्याटप्प्याने अनुदानही सुरू केले. पण शाळेला टप्पा मिळाला म्हणून तिथल्या प्रत्येकाला पगार मिळाला असे होत नाही. कुणाच्या प्रसूतिरजेच्या किंवा दीर्घ रजेच्या जागी चार महिन्यांसाठी आलेले आहेत. खासगी शाळांतून व्हाउचरवर सही करून रोख पैसे घेणारे आहेत, ज्यांचे नाव कोणत्याच पगारपत्रकावर नसते. शिक्षणसेवकही याच उंबरठ्यावरचा. तीन वर्षे मानधनावर काम करायचे आणि मग नियमित वेतनश्रेणीत जायचे. त्याचे मानधन पुष्कळ वर्षे प्राथमिकला सहा, माध्यमिकला आठ आणि उच्च माध्यमिकला नऊ हजार असे होते. २०२३ पासून ते सोळा, अठरा आणि वीस हजार झाले. ही वाढ चांगलीच झाली. पण त्याला निदान पुढे वेतनश्रेणी दिसते. बाकीच्यांना पुढचा जून तेवढा दिसतो.

आता असा एक शिक्षक कल्पनेत आणा. तासांवर काम करतो, महिन्याकाठी दहा हजार हाती पडतात. घरी आईवडील, बायको, एक लेकरू. ऑगस्टच्या पावसात ताप येतो. पहिल्या दिवशी तो गोळी घेऊन शाळेत जातो. रस्त्यात एखादा पालक भेटतो नि म्हणतो, “सर, तब्येत बरी दिसत नाही जी तुमची.” “काही नाही भाऊ, थोडी कसर आहे,” असे म्हणून सर पुढे निघतात. ही कसर डेंग्यूची असेल, काविळीची असेल, क्षयाची असेल. सरांना ते ठाऊक नसते आणि जाणून घेण्याची घाईही नसते. निदान झाले की विश्रांती घ्यावी लागेल, आणि विश्रांती म्हणजे तास बुडणे, तास बुडणे म्हणजे पैसे बुडणे, हा हिशेब त्यांना डॉक्टरपेक्षा आधी सुचतो.

कायम शिक्षकाचे तसे नसते. महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याचे नियम १९८१ चे. त्या नियमांत अर्धपगारी रजा आहे, वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण पगारी करून घेण्याची सोय आहे. म्हणजे एकाच शिक्षकखोलीत, एकाच बाकावर बसणारे दोघे एकाच रोगाने आजारी पडले, तर एकाचा आजार रजेच्या खात्यावर मांडला जातो आणि दुसऱ्याचा त्याच्या चुलीवर.

येथे कुणी म्हणेल, आता दवाखान्याचा खर्च कुठे राहिला? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. खरे आहे. २०१२ साली दुसऱ्या नावाने सुरू झालेली ही योजना पुढे साऱ्या राज्याला लागू झाली, आणि २०२३ मध्ये शासनाने ती सर्व कुटुंबांना खुली करून मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचे ठरवले. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला, नागपूरला आपल्याकडचे रुग्ण जातात, त्यांतल्या कित्येकांचे प्राण अशा योजनांनी वाचले आहेत. परंतु श्रोतेहो, आजारपणाचे दोन खर्च असतात, आणि आपण नेहमी एकाच खर्चाबद्दल बोलतो. एक औषधपाण्याचा, दुसरा न मिळालेल्या पगाराचा. शस्त्रक्रियेचे बिल योजना भरते. त्या महिन्याचे घरभाडे, किराणा दुकानाची उधारी, रुग्णासोबत राहणाऱ्याचे एस्टीचे भाडे आणि खानावळ, मुलाची फी हे कोण भरते? आमच्या मते हंगामी माणसाला मोडणारा खर्च हा दुसरा आहे, आणि नेमक्या त्याच खर्चाचे नाव घेणारी कोणतीही व्यवस्था त्याच्यासाठी उभी नाही.

जगाला हे फार पूर्वी कळले होते. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. बिस्मार्क काही दीनदुबळ्यांचा कैवारी नव्हता, समाजवाद्यांना शह देणे हा त्याचा डाव होता. पण कायदा मुद्द्याचा होता. पहिले तीन दिवस सोडून पुढे तेरा आठवड्यांपर्यंत आजारी कामगाराला निम्मी मजुरी रोख मिळे. वर्गणीचे दोन वाटे कामगाराचे, एक वाटा मालकाचा. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्यविम्याची आखणी करण्याचे काम प्रा. आडारकरांकडे सोपवले गेले, आणि त्यांच्या अहवालाच्या पायावर स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्या योजनेत आजारी विमेदाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत रोख पैसे मिळण्याची तरतूद झाली. पुढे हे प्रमाण वेतनाच्या सत्तर टक्के झाले. ९१ दिवस म्हणजे तेरा आठवडेच! बिस्मार्कचे तेरा आठवडे साता समुद्रांवरून आपल्याकडे आले, ही मौज आम्हांस फार दिवस लक्षात राहिली आहे. क्षयासारख्या दीर्घ आजारांसाठी तर ऐंशी टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत, असे ठरले. आणि वर्गणी किती? २०१९ मध्ये ती शंभर रुपयांस चार रुपये झाली. कामगाराचे पाऊण रुपया, मालकाचे सव्वातीन.

या योजनेचे दार शिक्षकांना अगदीच बंद राहिले असे नाही. कित्येक राज्यांत खासगी शिक्षणसंस्थाही तिच्या कक्षेत आल्या. पण ज्याचे नाव पगारपत्रकावरच नाही, त्याची वर्गणी कोण आणि कोणत्या कागदावर भरणार?

शिक्षकाच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. ती त्याच्या मोठेपणाची. १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. औद्योगिक विवादाच्या कायद्यात जो ‘कामगार’ आहे, त्यात शिक्षक बसतो का, असा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले, बसत नाही. अध्यापन हे उदात्त कार्य आहे, ते अंगमेहनतीचे वा कारकुनीचे काम नव्हे. शिक्षकांना दाद मागण्याची दुसरी जागा कायदेमंडळाने करून द्यावी, असेही न्यायालयाने सुचवले होते, हे सांगितले पाहिजे. २००४ मध्ये ग्रॅच्युइटीच्या बाबतीतही तसेच झाले. शिक्षक हा त्या कायद्यातला ‘कर्मचारी’ नव्हे, असा निर्णय आला. मात्र तेथे संसदेने २००९ मध्ये व्याख्याच बदलली, १९९७ पासून ती लागू केली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल योग्य ठरवला. यावरून दोन गोष्टी दिसतात. गुरू म्हणून पाया पडण्यात आपण मागे नसतो, पण पाया पडल्याने पथ्याचे पैसे मिळत नाहीत. आणि मनात आणले तर कायद्यातला शब्द बदलता येतो.

तुलनेसाठी आणखी एक उदाहरण पाहा. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात शेततळे खोदणारा मजूर कामावर जखमी होऊन रुग्णालयात पडला, तर त्याला निदान निम्मी मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. ती योग्यच होती. त्या मजुराच्या मुलाला शिकवणाऱ्या तासिकेवरच्या सरांना मात्र तेवढीही नव्हती. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, कोविडच्या कामावर असताना मृत्यू आला तर कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला पन्नास लाख रुपये देण्याचे महाराष्ट्र शासनाने ठरवले. मरणाची किंमत अशी ठरवता येते. अंथरुणावर काढलेल्या दीड महिन्याची किंमत ठरवायला मात्र कोणी बसत नाही.

मग प्रत्यक्षात काय होते? शिक्षकखोलीत एक पाकीट फिरते. हल्ली मोबाईलवर आवाहन फिरते. त्यात अंथरुणावरच्या माणसाचे छायाचित्र, नळ्या लावलेले, आणि खाली पैसे पाठवण्याचा क्रमांक. मदत येतेही. आपल्या गावाला दानत नाही असे कुणी म्हणू नये. घंटीबाबांच्या यात्रेत अन्नदानाला कमी पडल्याचे कधी ऐकले नाही. पण पाकिटाची रीत अशी की, ज्याची ओळख मोठी त्याच्या पाकिटात अधिक. जो अबोल आहे, नुकताच परगावाहून आला आहे, ज्याची जात किंवा गट त्या शाळेत एकटा आहे, त्याचे पाकीट हलकेच राहते. शिवाय पाकीट एकदाच फिरते. क्षयाचे औषध साधारण सहा महिने चालते. सहा पाकिटे कोण फिरवील? आणि ज्या बाईंनी काल वर्गात कडक शिस्त लावली, त्यांचे नळ्या लावलेले छायाचित्र आज विद्यार्थ्यांच्या घरोघरी पोहोचावे, ही मदतीची फार महाग किंमत आहे. पुष्कळ जण ती द्यायला तयार नसतात. ते आजार लपवतात.

लपवलेला आजार वर्गात जातो. आपणां पालकांनी सर्वांत अधिक विचार करावा तो येथे. क्षयाचे औषध सुरू झाले की साधारणपणे काही आठवड्यांत रोग्यापासून दुसऱ्याला होणारा संसर्ग बराच ओसरतो. म्हणजे निदानाच्या आधीचे दिवस आणि नंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे. नेमके त्याच दिवसांत, तास बुडतील म्हणून, तो शिक्षक चाळीस-पन्नास मुलांसमोर खोकत उभा राहतो. शासन क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये २०१८ पासून देऊ लागले आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार. दूध-अंड्यांना ते उपयोगी आहेत. बुडालेल्या दहा हजारांची भरपाई त्यांतून होत नाही. त्या शिक्षकाला आपण बेजबाबदार म्हणू शकतो. आम्ही म्हणणार नाही. घरी बसण्याची ऐपत नसलेल्या माणसाला घरी न बसल्याचा दोष देता येत नाही.

विदर्भात सिकलसेलचा प्रश्नही आहे. त्यात सहा महिन्यांचा एक मोठा आजार नसतो. अचानक कळा उठतात, चार दिवस जातात, माणूस पुन्हा उभा राहतो, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. अशा शिक्षिकेबद्दल संस्थेत “बाई वरचेवर दांड्या मारतात” असा बोभाटा होतो आणि जूनमध्ये आदेश दुसऱ्याच्या नावाने निघतो. म्हणून केवळ पैशाने हा प्रश्न सुटत नाही. बरे झाल्यावर परत येण्याची जागा शिल्लक असली पाहिजे. आजारात पैसे दिले आणि जागा काढून घेतली, तर ती मदत निरोपाचा नारळ ठरेल.

आजवर काहीच केले गेले नाही असे नव्हे. १९६२ मध्ये शिक्षक दिन सुरू झाला, त्याच वर्षी राष्ट्रीय शिक्षक कल्याण प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच सप्टेंबरला शाळांतून लहान ध्वज विकून निधी जमवण्याची पद्धत श्रोत्यांतल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तो निधी अडचणीतल्या, गंभीर आजारी शिक्षकांसाठीच होता. कल्पना सुरेख. पण अर्ज वर जायचा, छाननी व्हायची, मंजुरी यायची. तापाच्या पहिल्या आठवड्यात उपयोगी पडेल अशी ती यंत्रणाच नव्हे. दुसरी सोय शिक्षकांच्या सहकारी पतसंस्थांची. त्या उत्तम चालतात, कारण १९६० च्या सहकार कायद्यातील ४९ व्या कलमानुसार कर्जाचा हप्ता पगारातूनच कापून घेता येतो. हीच त्यांची ताकद, आणि हंगामी शिक्षकासाठी हेच बंद दार. ज्याच्या पुढच्या महिन्याच्या पगाराचा भरवसा नाही त्याचा हप्ता कापायचा कशातून? उरते ती शिक्षकखोलीतली भिशी. आजारी पडलेला पहिला गळतो तो भिशीतूनच.

आता आमचे म्हणणे सांगतो. शासनाने कायदा करावा, ही मागणी करीतच राहिली पाहिजे. पण तोवर दिग्रससारख्या तालुक्याच्या गावाला स्वतःपुरते बरेच करता येईल, आणि त्याचा पाठ शेजारच्या वर्धा जिल्ह्यातच आहे. १९८० च्या सुमारास सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने, भोवतालच्या खेड्यांत आरोग्यविम्याची योजना चालवली. हप्ता घेतला तो ज्वारीत. सुगीच्या वेळी, घरात धान्य असताना. ज्याची शेती अधिक त्याची ज्वारी अधिक, भूमिहीनाची थोडी; आणि रुग्णालयात वागणूक दोघांना सारखी. ती योजना उपचारांसाठी होती, बुडालेल्या मजुरीसाठी नव्हती, हे खरे. पण तिच्यातली दोन तत्त्वे आम्हांस फार मोलाची वाटतात. द्यायचे ते ऐपतीप्रमाणे, आणि द्यायचे ते धडधाकट असताना. पाकीट आजारानंतर फिरते. ज्वारी आजाराच्या आधी मोजली जाते. आधी मोजून दिलेले असले की मागाहून घेताना मान खाली घालावी लागत नाही.

समजा, शहरातल्या आणि आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतले शंभर हंगामी शिक्षक एकत्र आले. सरासरी मिळकत दहा हजार धरली आणि शेकडा एक रुपया प्रत्येकाने दिला, तर महिन्याला दहा हजार जमतात. तेवढेच संस्थांनी घालावेत. वीस हजार झाले. सत्राच्या दहा महिन्यांचे दोन लाख. आजारी शिक्षकाला निम्मी मिळकत, म्हणजे महिना पाच हजार, द्यायची ठरवली, तर या दोन लाखांतून चाळीस महिन्यांचे आजारपण निभावते. कायम शिक्षकांनी आणि गावातल्या व्यापारी मंडळींनी आपापल्या परीने भर घातली तर साथीच्या वर्षासाठी गंगाजळीही उरेल. आकडे आम्ही कल्पून घेतले आहेत; शंभराऐवजी साठ असतील, दहाऐवजी सहा हजार असतील. कोष्टक तेच राहते.

एक आक्षेप हमखास येईल: लोक खोटे आजारी पडतील. थोडे पडतीलही. म्हणून मदत निम्मी ठेवायची, पूर्ण नव्हे. निम्म्या पगारासाठी कोणी फार काळ झोपून राहत नाही. पहिले तीन दिवस सोडावेत, पण सिकलसेलसारखा वरचेवर उलटणारा आजार असेल तर एकदाच, वर्षातून एकदा. प्रमाणपत्र शासकीय दवाखान्याचे चालावे. निधीवर देखरेख ठेवणाऱ्यांत संस्थाचालक असावेत, पण बहुमत वर्गणीदारांचे असावे. नाहीतर नोकरीची आणि आजाराची चावी एकाच खिशात जाईल. नावे फलकावर लावू नयेत. खाते बँकेत असावे, हिशेब वर्षातून एकदा वाचून दाखवावा. आणि निधीत सामील होणाऱ्या संस्थेने एवढे लिहून द्यावे की, सत्राच्या मध्ये आजारी पडलेल्याची जागा त्या सत्रापुरती त्याचीच राहील. तोवर तास दुसऱ्याने घेतले तरी.

आगरकरांना दमा होता हे आपणांस ठाऊक आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असतानाच, १८९५ साली, वयाच्या अडतिसाव्या-एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. महाराष्ट्रातल्या शिक्षकाचे आजारपण असे जुने आहे. आगरकरांमागे निदान त्यांनीच उभारलेली संस्था होती. आज तासिकेवर शिकवणाऱ्या, सायंकाळी शिकवण्या घेणाऱ्या तरुणामागे कोण आहे, हे त्यालाच विचारून पाहावे. आज या सभेतही असे काही जण बसले असतील.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जून सरता सरता उघडतात. तोपर्यंत साधारण दोन महिने हाताशी आहेत. मुख्याध्यापक मंडळींनी या सुट्टीत एकदा एकत्र बसून आपापल्या शाळेतील हंगामी शिक्षकांची नुसती यादी करावी. नाव, तास, मिळकत, एवढेच तीन रकाने. व्हाउचरवरच्यांची नावेही त्या यादीत यावीत. वर्गणीची पहिली पावती जुलैच्या मिळकतीतून फाडता येईल.